बारावा गडी



दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारकेत सुटीच्या सकाळी एखाद्या मैदानावर जाऊन पाहावे. हंगाम तोंडावर आला की क्रिकेटच्या निवड चाचण्या सुरू होतात. संघात जागा अकरा. पॅड बांधून ताटकळणारी मुले त्याहून कितीतरी अधिक. सीमारेषेबाहेर आईबाप बसलेले असतात. दुसऱ्याच्या मुलाचा त्रिफळा उडाला तर कोणी टाळी वाजवीत नाही. पण एखाद्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल होतो.

तसा आपलाही चेहरा कधी सैल झाला नसेल काय? नोकरीतील बढती, महाविद्यालयातील प्रवेश, मंडळीतील एखादे पद... जागा एक आणि लायक माणसे दोन, हा प्रसंग कोणाला चुकला आहे? दुसऱ्याचे अपयश न इच्छिता स्वतःचे यश इच्छिता येते काय?

स्पर्धा हे पाप नव्हे. जागेसाठी घाम गाळणे म्हणजे मिळालेल्या देणगीचा मान राखणेच होय. निवडीत वशिला चालला, तर त्याविरुद्ध बोलणे हेही कर्तव्य आहे. परंतु निवड न्यायाने झाली तरी कोणीतरी बाहेर राहतोच, आणि त्याची खरी कसोटी तेथून सुरू होते.

१९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीस जाणारा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. पुढे १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबाद येथे, म्हणजे दिल्लीच्या वेशीवरच, हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारतीय संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. त्याच्या पिढीत मधल्या फळीसाठी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे एकाहून एक सरस फलंदाज होते. येथे दोष तरी कोणाचा?

असाच एक मनुष्य आपल्याला 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात भेटतो. यहूदाच्या रिकाम्या जागेसाठी दोघे पुढे करण्यात आले : योसेफ बर्सबा आणि मत्थिया. दोघेही आरंभापासून प्रभूबरोबर राहिलेले, दोघेही साक्ष देण्यास पात्र. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. बर्सबाच्या शीलात काही उणे होते, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. निवड न होणे आणि नाकारले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या दिवशी बर्सबाला प्रेषितपद मिळाले नाही; शिष्यत्व मात्र कोणी काढून घेतले नाही. पद मोजके असते. सेवेला संख्येची मर्यादा नसते.

मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात सलामीला खेळणारी दिल्लीची प्रतिका रावल उपांत्य सामन्याच्या तोंडावर जायबंदी झाली. मूळ संघात नसलेली शफाली वर्मा तिच्या जागी आली आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईतील अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या. भारत जिंकला. त्या आनंदसोहळ्यात प्रतिका चाकांच्या खुर्चीतून सामील झाली. आपली जागा जिने घेतली, तिच्या यशात असे सामील होणे शतक ठोकण्याहून सोपे असेल काय?

मात्र यावरून, थांबणाऱ्याला अखेर करंडक मिळतोच, असा सोयीचा बोध कोणी काढू नये. पुष्कळांना तो मिळत नाही. द्वारकेच्या मैदानावरून आज घरी परतणाऱ्या बहुतेक मुलांना तो मिळणार नाही. त्यांना मिळू शकेल ती एकच गोष्ट : आपले मोल अकराच्या यादीवरून ठरत नाही, हे सांगणारे घर.

वाचकहो, ते घर आपले असावे. आणि कोठे आपणच मागे राहिलो, तर ज्याची निवड झाली त्याच्याकडे त्याच दिवशी जावे आणि त्याचा हात हाती घ्यावा. उशीर केला तर मनातली अढी घट्ट होते.