सोडलेला घोटा

मास्तरकीत शिकवण्यापेक्षा शिकण्याचेच प्रसंग माझ्यावर अधिक आले. त्यांतला हा एक.

तालुक्याच्या सामन्यांत आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तीस गुणांनी पुढे होता. समोरची पोरे लहानखुरी. दोनदा लोण बसलेले. माझे मन द्रवले. मी कडेवरून खूण केली, ‘जरा सबुरीने!’ पुढच्याच चढाईला आमच्या मुलांनी पकडलेल्या गड्याचा घोटा सोडून दिला. तो मधल्या रेषेपाशी पोहोचला, गुणही मिळाले. मला वाटले, पोर हरखेल. सामना संपल्यावर ते माझ्यापाशी आले. डोळ्यांत पाणी होते.

“गुरुजी, मला मुद्दाम सोडलं ना?”

मला उत्तर सुचले नाही.

घरी येताना पुण्याच्या एका रणजी सामन्याची ऐकीव हकिकत आठवली. १९४८ चा डिसेंबर. काठेवाडचा संघ २३८ धावांत आटोपला होता आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमन यांनी १९३० साली केलेल्या ४५२ च्या विश्वविक्रमाशी बरोबरी करायला अवघ्या ९ धावा हव्या होत्या. आणि काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला!

आपण मराठी माणसे त्या कर्णधाराला नावे ठेवतो. पण ५८८ धावांच्या आघाडीनंतरच्या धावा सामना जिंकण्यासाठी राहिल्या होत्या काय? एकाच्या विक्रमासाठी अकरा जणांनी कुठवर चेंडूमागे धावायचे? मात्र निंबाळकरांनी मुद्दाम बाद व्हायला हवे होते, असेही मी म्हणणार नाही. तो आणखी मोठा अपमान झाला असता.

मला वाटते, प्रश्न थांबण्याचा नाही, खोटेपणाचा आहे. क्रिकेटात डाव घोषित करता येतो. ते थांबणे सर्वांदेखत असते, त्यात कुणाची फसवणूक नाही. पण खेळतो आहोत असे दाखवून हात आखडता घेणे म्हणजे समोरच्याला भीक घालणे. हार पोराला पचते, भीक पचत नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा तशीच आघाडी मिळाली. या वेळी मी कडेला बसून राहिलेली आमची पोरे उतरवली आणि बजावले, “जीव तोडून खेळा!” त्यांतल्या एकाची पकड झाली, तेव्हा समोरच्या पोरांनी मैदान डोक्यावर घेतले. ते हरलेच, पण ती पकड त्यांची स्वतःची होती.