मत कशाला बघून देता?

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले होते आणि आम्ही सात-आठ मराठी माणसं इल्फर्डमध्ये एका मित्राच्या घरी मिसळ खात बसलो होतो. खोलीत दोन्ही बाजूंचे लोक होते. कोणी खूश, कोणी नाराज. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. लाडकी बहीण योजनेमुळे लोकांनी दीड हजार रुपयांत मतं विकली. हरलेल्या बाजूचे हे चिडून म्हणत होते, जिंकलेल्या बाजूचे हसून. आकडेवारी हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मत मला विचारलं गेलं. मी म्हणालो, "पदवीधरांना दोन मतं द्यायला पाहिजेत." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आईला फोन केला. आमच्याकडे वर्षानुवर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशी तेव्हा घरातच होत्या. आईने फोन त्यांच्याकडे दिला. मी जरा तिरकसपणेच विचारलं, "काय मावशी, पैसे आले का खात्यावर?"

"आले की दादा. म्हणून तर मत दिलं. नातीच्या क्लासची फी भरली त्यातनं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमी तिकडं मत कशाला बघून देता?"

"सगळं बघून," मी म्हणालो.

हे उत्तर खरं नव्हतं. का नव्हतं, ते शेवटी सांगतो. आधी त्या दोन मतांविषयी.

मी गंमत म्हणून जे बोललो, ते एका मोठ्या तत्त्वज्ञाने पूर्ण गांभीर्याने लिहून ठेवलं आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरच्या आपल्या पुस्तकात सुचवलं की मत प्रत्येकाला असावं, पण शिकलेल्यांना एकाहून जास्त असावीत. ज्याला लिहिता-वाचता आणि साधा हिशेब करता येत नाही त्याला मत देऊ नये, असंही त्याचं म्हणणं होतं. हाच मिल स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढला, आणि त्याची नोकरीची पस्तीस वर्षं लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत गेली. ब्रिटनमध्ये ही कल्पना नुसती कागदावर राहिली नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन अशा विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ होते आणि तिथल्या पदवीधरांना राहत्या जागेचं एक आणि विद्यापीठाचं एक, अशी दोन मतं देता येत. १९४८च्या कायद्याने ती सोय बंद झाली. आपल्याकडे तिचा एक अंश अजून शिल्लक आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत आणि ७ शिक्षकांच्या. म्हणजे साताऱ्यात असतो तर मला पुणे पदवीधर मतदारसंघात आणखी एक मत मिळालं असतं. मावशींना ते कधीच मिळणार नाही.

मिलला उत्तर दिलं ते एका मराठी माणसाने, आणि तोही आपल्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त शिकलेला होता. डॉ. आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हाच मताधिकाराचं कुंपण खाली आणा असा त्यांचा आग्रह होता. पुढे सायमन कमिशनच्या वेळी, १९२९च्या आपल्या अहवालात, त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. तोपर्यंत त्यांच्याकडे कोलंबियाची पदवी होती, लंडनची डी.एस्सी. होती, बॅरिस्टरीही होती. साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असं त्यांनी मांडलं. निरक्षर माणसाला अक्कल नसते असं धरून चालणं ही पहिली चूक. अक्षर आलं की समजही जास्त येते असं मानणं ही दुसरी. त्यांनी हे मांडलं तेव्हा हिंदुस्थानात मत देण्यासाठी मालमत्ता, सारा किंवा कर दाखवावा लागे. १९५१च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच सुमाराला सतरा कोटींहून अधिक लोकांनी मतदारयादीत येऊन पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली. बैलजोडी, झोपडी अशी चिन्हं त्यांच्यासाठीच काढली होती.

पण आंबेडकर म्हणाले म्हणून प्रश्न मिटवणं हे आंबेडकरांनाच आवडलं नसतं. आजचे आकडे काय सांगतात?

इल्फर्ड ज्या रेडब्रिज बरोमध्ये येतं, तिथे २०१६च्या सार्वमतात ५४ टक्के मतं युरोपात राहण्याच्या बाजूने पडली. शेजारच्या हेवरिंगमध्ये जवळपास ७० टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने. दोन बरोंमध्ये हद्दीची रेघ आहे, समुद्र नाही. देशभरच्या पाहण्यांमध्ये शिक्षणाचा धागा स्पष्ट दिसला. पदवीधरांचा कल राहण्याकडे होता, लवकर शाळा सोडलेल्यांचा बाहेर पडण्याकडे. उत्पन्नाच्या रेषेवर उभी असलेली इथली जुनी विभागणी, कामगारांचा मजूर पक्ष आणि पैसेवाल्यांचा हुजूर पक्ष, आता बरीचशी शिक्षणाच्या रेषेकडे सरकली आहे. अनेक पाश्चात्त्य देशांमधला हा बदल मांडताना टॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने पदवीधरांच्या डाव्या पक्षांना चक्क 'ब्राह्मण डावे' म्हटलं, आणि धनिकांच्या पक्षांना 'व्यापारी उजवे'. हा शब्द त्याने कुठून उचलला हे आपल्याला सांगायला नको.

मात्र यातून 'शिकलेल्यांना कळतं' असा निष्कर्ष काढला, तर माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यालाही मी नापास करीन. हेवरिंगमध्ये वयस्कर लोक जास्त आहेत, रेडब्रिजमध्ये आपल्यासारखे बाहेरून आलेले जास्त आहेत. पदवी, वय, घराण्याचा देश, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. आणि पदवीधराने युरोपाच्या बाजूने मत दिलं त्यात त्याची समज किती आणि त्याचा फायदा किती, हे मतपेटी सांगत नाही. खुल्या सीमेचा लाभ पदवीवाल्याला जितका झाला तितका डॅगनमच्या मोटार कारखान्यातून बाहेर पडलेल्या कामगाराला झाला नाही.

मतदानाला जाण्याची सवय घ्या. ब्रिटनमध्ये शिकलेला, घर असलेला माणूस जास्त मत देतो. गरीब आणि भाडेकरू कमी. भारतात चित्र पुष्कळ ठिकाणी उलटं दिसतं. २०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत सुमारे ५०. शिक्षणाने मतदानाची जाण येत असती तर दोन देशांत दोन दिशा दिसल्या नसत्या. मला वाटतं, ज्याला सरकारपर्यंत पोचायचे दुसरे रस्ते असतात, त्याला मतदानकेंद्रापर्यंतचा रस्ता लांब वाटतो. मलबार हिलच्या माणसाचा फोन मंत्रालयात उचलला जातो. मावशींचा फोन पाच वर्षांतून एकदाच लागतो, आणि त्या तो चुकवत नाहीत.

आता विकत घेतलेल्या मतांबद्दल. निवडणुकीच्या चार-पाच महिने आधी योजना आणणं यात राजकारण होतं, हे मी नाकारत नाही. तिजोरीचा प्रश्नही खरा आहे. पण मग हीच फूटपट्टी आपल्यालाही लावायला हवी. जानेवारी आणि एप्रिल २०२४मध्ये इथल्या सरकारने नॅशनल इन्शुरन्सचा दर १२ वरून १० आणि १० वरून ८ टक्क्यांवर आणला. जुलैमध्ये निवडणूक झाली. माझ्या पगाराच्या स्लिपवर ती वजाबाकी दिसली, मला बरं वाटलं, आणि कोणी मला विकाऊ म्हटलं नाही. १ फेब्रुवारी २०२५ला भारताच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, आणि चारच दिवसांनी दिल्लीत मतदान होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हटलं गेलं. रेवडी हा शब्द कोणाला आठवला नाही. शिक्षणाने आपला स्वार्थ कमी होत नाही. त्याला चांगली नावं मात्र मिळतात. मावशी 'फी भरली' म्हणतात, आपण 'धोरण' म्हणतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. माहितीला काहीच किंमत नाही का? लसीकरण, हवामान, कर्जाचं व्याज, हे समजणाऱ्याचं मत जास्त शहाणं नसेल का? मलाही बराच काळ तसं वाटत असे. पण येल विद्यापीठातल्या डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनी लोकांना एकच कोष्टक दिलं, एकदा त्वचेच्या मलमाचं म्हणून आणि एकदा बंदूकबंदीचं म्हणून. मलमाच्या वेळी गणित पक्कं असलेल्यांनी बरोबर उत्तर काढलं. बंदुकीच्या वेळी त्यांनीच आपल्या पक्षाला सोयीचं उत्तर काढलं, आणि गणित कच्चं असलेल्यांपेक्षा दोन बाजूंमधली दरी त्यांच्यात जास्त होती. हुशारी वकिलासारखी कोणाच्याही बाजूने उभी राहते.

म्हणून मला असं वाटतं की एका माणसाला एक मत हे शहाणपणाचं बक्षीस म्हणून दिलेलं नाही. कायद्याचं ओझं ज्याच्या पाठीवर पडतं, त्याला ते कुठे रुततं हे सांगता यावं म्हणून ते दिलं आहे. रुतण्याची जागा पदवीने कळत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक असते.

आता माझं खोटं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्यापैकी अनेकांना हे माहीत नसतं. मला माहीत होतं. २०२४च्या वसंतात मी बार्किंगसाइडला नवीन भाड्याच्या घरात आलो. यादीत नाव घालायचा ऑनलाइन फॉर्म पाच मिनिटांचा. १८ जून ही शेवटची तारीख होती. तोपर्यंत मी इथल्या मतदारांच्या अज्ञानावर बरंच बोललो होतो, पण फॉर्म भरला नव्हता. ४ जुलैच्या रात्री निकाल बघत जागलो. आमच्या इल्फर्ड नॉर्थमध्ये वेस स्ट्रीटिंग ५२८ मतांनी निवडून आले. व्हिसाचे नियम, दरवर्षीचा १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार, घरभाडं, या सगळ्यावर माझं मत होतं. ते द्यायला मात्र मी गेलो नव्हतो.

त्यानंतर मी नाव नोंदवलं. पुढच्या वेळी मत देईन, आणि बहुधा व्हिसा आणि भाडं बघूनच देईन. मावशींना फोनवर हे सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी 'सगळं बघून' म्हणालात ते?"

मी म्हटलं, "चुकलं, मावशी."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि आईला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.