मामांची पावले आणि मांजरांचे ऋण

अहिंसेचा विषय निघाला की आपण ताटातल्या अन्नाविषयी बोलतो, औषधोपचारांविषयी क्वचितच. माझ्यापुढे तो प्रश्न घरातूनच आला.

तंजावरला आमच्या घरी मामा असतात. नारळाच्या झाडावरून पडून त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. फिजिओथेरपीत त्यांना पट्ट्यांनी तोलून धरत आणि ट्रेडमिलवर पावले टाकायला लावत. ही पद्धत आली कुठून? मी शोधले, तर निघाली मांजरे. मज्जारज्जू कापलेली मांजरेही आधार आणि सराव मिळाला की ट्रेडमिलवर मागचे पाय टाकू लागतात, हे १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले, आणि त्यातून माणसांसाठीचा सराव घडला. त्याच्या कितीतरी आधी, १९११मध्ये, फिलाडेल्फियाच्या ॲलन यांनी कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन सोडून इजा कशी होते ते अभ्यासले होते. आज बहुधा उंदीर वापरतात. इजेनंतर त्यांना लघवीही आपली आपण होत नाही. कोणीतरी दिवसातून दोन-तीनदा पोट दाबून ती काढावी लागते. मामांसाठी मामी नळी घालतात. हे वाचले आणि पुढे वाचवेना.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमेला मामांची पावले मांडली, तर नावे काय लिहायचे? शिवाय प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसाला लागू पडतोच असे नाही. मिथिलप्रेडनिसोलोन मांजरांवर गुणकारी वाटले, १९९०च्या मानवी चाचणीनंतर सर्रास दिले गेले, आणि पुढे त्याच्या लाभाविषयीच शंका उभ्या राहिल्या. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा असे प्रयोग करू देतो, पण शक्य तिथे ते टाळा, असेही सांगतो.

दुसरी वाटही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२मध्ये ३४ पाळीव कुत्र्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ही कुत्री आधीच लुळी पडलेली होती. काहींच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातल्या पेशी सोडल्या, आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांचा मेळ काहीसा परतला. इथे प्राणी रुग्ण म्हणून आला होता. तंजावरला हे नवे नाही: सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे बनत, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांच्या शास्त्रावरचे ग्रंथ आजही आहेत.

मला हायसे वाटले, पण थोडाच वेळ. त्या पेशींचा प्रयोगही आधी उंदरांवरच झाला होता. मुद्दाम इजा केलेल्या.

शेवटी मामांनाच विचारले, "हे आधी कळले असते तर सराव नाकारला असतात का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. पण सांगितलेस ते बरे केलेस."