टंचाईच्या काळात मुक्या जिवाचा वाटा

घरात धान्य अपुरे असताना पाळलेल्या कुत्र्याला घास द्यावा की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ईमानाची परीक्षा अशाच प्रश्नांत होते.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशाच्या तांदळावर विसंबलेल्या कोकणात अन्नाची चणचण भासू लागली. आपले म्हसळा तेव्हा जंजिरा संस्थानात होते. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. अशा दिवसांत ज्याच्या दारी शिकारीचे वा शेताच्या राखणीचे कुत्रे असतील, त्याने काय करावे?

शिकार, गुरे आणि शेती यांसाठी कुत्रा पाळण्यास इस्लामची अनुमती आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धन्यासाठी धरलेली शिकार सूरह अल्-माइदाने वैध ठरविली आहे. तरीही माणसाचा प्राण प्रथम. लेकरांच्या तोंडचा घास काढून कुत्र्यांचा कळप पोसणे हा धर्म नव्हे. म्हणून गरजेपुरतेच कुत्रे ठेवणे, त्यांची वीण वाढू न देणे, एखादा कुत्रा गरजू शेतकऱ्यास देणे हे उचितच होय.

मात्र गरज आणि भीती यांत अंतर आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटनमधील लोकांनी काही दिवसांतच लाखो पाळीव कुत्री-मांजरे मारवून टाकली. अन्नाचे शिधावाटप तर जानेवारी १९४० मध्ये सुरू झाले! भूक दाराशी येण्यापूर्वीच भीतीने जीव घेतले. पुढे अन्न खरोखर तुटू लागले तेव्हा शिकारी कुत्र्यांचे कळपही घटविण्यात आले. त्यामागे निदान हिशेब होता.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि मोकळेही सोडले नाही. याउलट तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास अल्लाहने क्षमा केली. इमाम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांच्या मते, जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याचा खर्च धन्याकडेच राहतो. ज्याला आपण दावणीला बांधले, त्याची उपजीविका शोधण्याची वाट आपणच बंद केलेली असते. म्हणून तो जीव आपल्याकडे अमानत आहे.

तेव्हा टंचाई आली, तर कपात आधी आपल्या ताटातील चैनीवर यावी, मुक्या जिवावर शेवटी. आज युद्ध नसले, तरी घराला कुलूप लावून परदेशी जाताना राखणीचा कुत्रा अंगणात कोणाच्या भरवशावर ठेवला, हे स्वतःला अवश्य विचारा. निवाड्याच्या दिवशी मुक्यांचीही दाद घेतली जाईल.

अल्लाह आपणा सर्वांस न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.