बिब्बा उतण्याची मीमांसा

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वैशाखात परसातल्या विस्तवावर काजूबिया भाजल्या जात असताना टरफलातले तेल तडतडून उडते, आणि जाणती बाई हातांना राख चोळल्यावाचून बी फोडावयास बसत नाही. तरीही एकीच्या बोटांवर दर मोसमात फोड येतात आणि शेजारीच बसलेल्या दुसरीला काही म्हणता काही बाधत नाही. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. त्यांपैकी बिब्ब्याचा चीक अंगावर उठला, की आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. परीट कपड्यांवर ज्या बिब्ब्याने खूण घालीत, त्याच्याच खुणेने दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कातडीवर चट्टे उमटले होते.

हे 'उतणे' म्हणजे वस्तुतः एक साखळी आहे. चिकातल्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते त्वचेतील प्रथिनांना चिकटते, त्या आघाताने त्वचेच्या पेशी चेतवल्या जातात, पहारेकरी पेशी ती वर्दी लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तेथे त्या एका द्रव्याची ओळख धरणाऱ्या टी-पेशींची फौज वाढते. म्हणूनच पहिला स्पर्श बहुधा मुकाट्याने जातो आणि पुढचा स्पर्श एकदोन दिवसांनी फोडांच्या रूपाने बोलू लागतो. एखादे द्रव्य असे उतेल का हे तपासणारी, १९६९ साली मांडली गेलेली गिनिपिगवरील कसोटी आणि पुढे आलेली उंदराच्या कानावरची कसोटी, या दोन्हींनी जिवंत जनावराला वेठीस धरून या साखळीचे उत्तरार्धातले फळ तेवढे मोजले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ साली ही साखळी दुव्यादुव्याने लेखी मांडली आणि मग एकेका दुव्याला एकेक कसोटी नेमता आली. पहिलीत काचेच्या कुपीत प्रथिनाचा लहानसा तुकडा रसायनाबरोबर चोवीस तास ठेवून किती उरला ते पाहतात. दुसरीत काजव्याचे प्रकाश देणारे जनुक बसवलेल्या त्वचापेशी उजळतात की नाही ते पाहतात. तिसरीत पहारेकरी पेशींसारख्या पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा मोजतात. तिघींपैकी दोघींची जबानी जुळली की निवाडा, असा नियम २०२१ साली मंजूर झाला. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्येच मनाई केली होती, त्यामुळे या कसोट्यांशी आपला संबंध थेट आहे.

परंतु मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. बिब्ब्यातल्या द्रव्याला पंधरा कार्बनांची तेलकट शेपटी असते आणि ते पाण्यात जवळजवळ मिसळतच नाही. अशा तैलद्राव्य पदार्थाविषयी तिसऱ्या कसोटीने दिलेला नकार ग्राह्य धरू नये, असे नियमातच नमूद आहे. द्रव्य पेशींपर्यंत पोहोचलेच नसेल, तर त्यांच्या मौनाला निर्दोषत्वाचा पुरावा कसे मानावे? गिनिपिगच्या कातडीवर लाली आली नाही, तर ती का आली नाही हे त्या कसोटीला सांगता येत नसे. येथे साक्षीदार कोठे उभा होता हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या साक्षीची मर्यादाही ठाऊक असते.

मात्र या तिन्ही कसोट्या तिसऱ्या दुव्यापाशीच थांबतात. टी-पेशींच्या चौथ्या दुव्यावर, जेथे एका बाईची कातडी दुसरीहून निराळी ठरते, तेथे त्यांची नजर पोहोचत नाही. काजू बाधत नाही ती दुसरीही, बी फोडावयास बसण्यापूर्वी, आपल्या हातांना राख चोळतेच.