राजापूरची फॅक्टरी, मिरजोळ्याची फॅक्टरी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फॅक्टरी म्हणजे यंत्रे, पाळ्या आणि तयार होऊन बाहेर पडणारा माल. मग तो माशांपासून केलेला सुरिमी असो वा आणखी काही. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, राजापुरात, इंग्रजांनी १६४९ मध्ये फॅक्टरी काढली, तिथे मात्र काहीच तयार होत नव्हते.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘करणे’. ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या बोलीत हा ‘करणारा’ दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा ठरला. धन्याच्या पैशाने परमुलखात खरेदी-विक्री करायची आणि हिशेब पाठवायचा, हे त्याचे काम. आपल्याकडच्या अडत्यात आणि मुनिमात त्याचा थोडा थोडा अंश सापडेल. तो जिथे राहतो आणि माल साठवतो, ती जागा पोर्तुगिजांची ‘फेइतोरिया’. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालने १५०० मध्ये कालिकतला ती उघडली आणि त्याच वर्षी ती उद्ध्वस्त झाली. इंग्रजांची फॅक्टरी याच जातीची. ईस्ट इंडिया कंपनीत तर फॅक्टर हा हुद्दाच होता, रायटरच्या म्हणजे कारकुनाच्या वरचा आणि मर्चंटच्या खालचा.

राजापुरात हे फॅक्टर मिरी आणि कापड खरेदी करत. ते व्यापारापुरते राहिले असते तर बरे होते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा फॅक्टरीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तिथे गेला आणि गडावर मारा करू लागला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि रेव्हिंग्टनला साथीदारांसह कैदेत टाकले. इंग्रजांच्या नुकसानभरपाईची बोलणी १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत लांबली. मराठीने या ठिकाणाला ‘वखार’ म्हटले आणि ते अगदी नेमके आहे. जुन्या कागदातल्या फॅक्टरीचे भाषांतर जो ‘कारखाना’ करतो, तो वाचकाला फसवतो.

पण कारखानाही जागचा हललेलाच आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत अंबारखाना होता, मुदपाकखाना होता, हत्तींचा पीलखानाही होता; गडावरचा कारखानीस साठ्याचा हिशेब ठेवी. आजच्या कारखान्यापेक्षा तो वखारीलाच जवळचा.

वस्तू बनवण्याची जागा हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकातच आला होता. ‘मॅन्युफॅक्टरी’ हा जोडशब्दही तेव्हाचाच. मात्र १७७१ मध्ये इंग्लंडात आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली आणि यंत्रयुगाने वखारीचा अर्थ हळूहळू मागे सारला. हिंदुस्थानात १८८१ च्या कायद्याने यंत्रशक्ती आणि किमान शंभर कामगार असलेल्या जागेला फॅक्टरी ठरवले. रत्नागिरीहून मुंबईला गेलेल्या हजारो चाकरमान्यांसाठी मात्र ती गिरणीच राहिली. १९४८ च्या कायद्याने ही संख्या वीज असल्यास दहावर आणि नसल्यास वीसवर आणली. कोकणातल्या बोलण्याला कायद्याचा कुठलाच आकडा मान्य नाही. चार बायका बिया फोडत बसल्या, तरी ती काजू फॅक्टरीच.

दुसरीकडे, ‘पोरगा कंपनीत लागला’ असे म्हणताना आईबापांच्या मनात कारखानाच असतो. पूर्वी कंपनीची फॅक्टरी असे. आता कंपनी हेच फॅक्टरीचे नाव झाले आहे.

फॅक्टर मात्र दोन ठिकाणी टिकून आहे. गणितात त्याला मराठीने ‘अवयव’ हे स्वतःचे नाव दिले. वित्तव्यवहारात तो जुन्या धंद्याच्या बराच जवळ आहे. उद्योजकाची येणे बिले विकत घेऊन त्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि वसुली आपल्याकडे घ्यायची, याला फॅक्टरिंग म्हणतात. त्यासाठी भारतात २०११ चा वेगळा कायदा आहे, आणि त्याचा फॅक्टरीशी काही संबंध नाही.