क्षुद्र नाण्याचा मोह

वाचन: लूक, अध्याय १५, वचनें ८ ते १०, मार्क, अध्याय १२, वचनें ४१ ते ४४



प्रभु येशूनें आपले पुष्कळसे दृष्टांत घरांतून व शेतांतून घेतले. मोहरीचा दाणा, पिठांत मिसळलेलें खमीर, मासे धरण्याचें जाळें आणि बाईच्या हातून हरवलेलें नाणें, ह्या सर्व रोजच्या वस्तु होत. जी वस्तु रोज हाताखालून जाते तिच्याच ठायीं मनुष्याचें मन स्पष्ट दिसून येतें. आज आम्ही ह्यांपैकीं शेवटल्या वस्तूविषयीं, म्हणजे नाण्याविषयीं, चार शब्द सांगूं इच्छितों.

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद पुष्कळांस असतो. तो निर्दोष आहे, व त्यानें इतिहासाचें ज्ञानही वाढतें. परंतु ह्या छंदांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. मौल्यवान नाणें देऊन टाकणें संग्राहकास सर्वांत जड जात असेल असें आपणांस वाटतें. पण पुष्कळ वेळां त्याचा हात अडतो तो हलक्या नाण्यापाशीं. ज्याच्यासारखीं लाखों नाणीं आहेत, ज्यास बाजारांत कोणी विचारीत नाहीं, तेंच त्याच्या हातून सुटत नाहीं.

आपल्या देशांत अशा नाण्यांस तोटा नाहीं. ता. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. तोंपर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत असत; त्यानंतर १०० नवे पैसे झाले, व सन १९६४ मध्यें त्यांतला ‘नवा’ हा शब्दही गळाला. पुढें ता. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं चलनांतून बाद झालीं. म्हणून कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशीं हा खुर्दा पडून आहे. महायुद्धाच्या काळीं, सन १९४३ पासून, तांबें वांचविण्यासाठीं पाडलेला भोकाचा पैसा, अॅल्युमिनियमचा चौकोनी एक पैसा, षट्कोनी तीन पैसे व वीस पैसे, हीं नाणीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं हाताळलीं आहेत. त्यांनीं आतां मिठाचा खडाही मिळत नाहीं.

ह्याहून जुनें उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेंच आहे. सन १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां शिवाजी महाराजांच्या नांवानें सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं नाणीं निघालीं. होन आज अतिशय दुर्मिळ आहे. शिवराई मात्र महाराजांच्या मागूनही अनेक टांकसाळींतून दीर्घकाळ पडत राहिली, आणि आजही ती पुष्कळ सांपडते. होन हातीं आला तर त्याची किंमत ठरते, गिऱ्हाईक येतें, आणि धनी मन घट्ट करून तो देतोही. पण त्याच धन्याजवळ झिजलेल्या दोनशें शिवराया असल्या, आणि कोणी त्यांतल्या दहा मागितल्या, तर तो डबा उघडतो, एकेक नाणें उजेडांत धरतो, आणि शेवटीं सगळीं परत डब्यांत टाकतो. असें कां व्हावें?

पहिलें कारण असें कीं, संग्राहकाची दृष्टि बारीक असते. शिवराई हातानें पाडीत असत, म्हणून एकीचीं अक्षरें दुसरीसारखीं तंतोतंत येत नाहींत. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांतही भेद असतो. सालाच्या खालीं हिऱ्याच्या आकाराची खूण असली तर तें मुंबईच्या टांकसाळीचें, तारा असला तर हैदराबादेचें, आणि कांहींच खूण नसली तर कोलकात्याचें. हें कारण खरें आहे, आणि आम्ही त्यास दोष देत नाहीं. परंतु एकाच सालाचीं, एकाच टांकसाळीचीं वीस नाणीं ज्याच्याजवळ आहेत त्यास हें कारण पुरत नाहीं, हें तो स्वतःही जाणतो.

दुसरें कारण ‘माझें’ ह्या शब्दांत आहे. सन १९९० मध्यें डॅनियल कानमन, जॅक नेच व रिचर्ड थेलर ह्या तीन विद्वानांनीं कांहीं प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक प्रयोग अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत झाला. तेथें अर्ध्या विद्यार्थ्यांस कॉफी पिण्याचा एकेक साधा मग देण्यांत आला. ज्यांस तो मिळाला त्यांनीं विकण्यासाठीं जी किंमत मागितली, ती न मिळालेल्यांनीं देऊं केलेल्या किंमतीच्या सुमारें दुप्पट होती. मग तेच होते. फरक एवढाच कीं, कांहीं वेळापूर्वीं ते एकाचे झाले होते व दुसऱ्याचे झाले नव्हते. थोड्या वेळच्या मालकीनें जर मन इतकें बांधलें जातें, तर तीस वर्षें डब्यांत असलेल्या पैशाविषयीं काय बोलावें?

तिसरें कारण ‘पुढें केव्हां तरी’ ही आशा. आज ह्याची किंमत नाहीं, पण न जाणो, उद्यां होईल, असें मन म्हणतें. ह्या आशेपासून आपल्या खेड्यांतल्या लोकांस प्रत्यक्ष धोका आहे, म्हणून आम्ही येथें थोडें थांबून बोलतों. जुन्या नाण्यास लाखों रुपये देतों असें सांगून आधीं कर, दलाली किंवा नोंदणीचे पैसे मागणारे ठक फिरत असतात. त्यांत रिझर्व्ह बँकेचें नांवही पुढें केलें जातें, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्यें त्या बँकेनें जाहीर इशारा दिला कीं, अशा व्यवहारांशीं आपला कांहीं संबंध नाहीं, व आपण कोणाकडून असे पैसे घेत नाहीं. बंधूंनो, जें नाणें टांकसाळींतून कोट्यवधींनीं निघालें त्यास कोणी लाख रुपये कशास देईल? फोनवर असें कोणी बोललें तर एक पैही पाठवूं नका, आणि बँकेचा गुप्त आकडा सांगूं नका. डब्यांतल्या मेलेल्या पैशाच्या आशेनें खात्यांतला जिवंत पैसा जातो.

चौथें कारण सर्वांत खोल आहे, आणि तें आठवण होय. आईनें पदराच्या गांठींतून सोडून दिलेला पैसा, पहिल्या मजुरींतून उरलेली पावली, बापाच्या कोपरींत मरणानंतर सांपडलेला आणा, ह्यांचें मोल कोणता सराफ करील? बाजार म्हणतो, ह्यास किंमत नाहीं. मन म्हणतें, ह्याची किंमत होऊं शकत नाहीं. दोघेंही खरें बोलतात.

ह्या चार कारणांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, आणि तीच आज आम्हांस सांगावयाची आहे. मोठ्या वस्तूस किंमत असते, व ती मिळाली म्हणजे मनास मोबदला मिळाल्यासारखें होऊन हात मोकळा होतो. क्षुद्र वस्तूस अशी सोडविणारी किंमतच नसते. तीं नाणीं जमविण्यांत, पुसण्यांत, लावून ठेवण्यांत धन्यानें जितके दिवस घातले, त्यांचा मोबदला चार आण्यांनीं होत नाहीं. म्हणून तें नाणें विकलें जात नाहीं. तें फक्त देतां येतें. आणि देणें हें विकण्याहून कठीण आहे.

आतां लूकाच्या शुभवर्तमानांतील त्या बाईकडे पाहा. तिच्याजवळ चांदीचीं दहा नाणीं होतीं. तीं द्राख्मा नांवाचीं असून एकेक सुमारें मजुराच्या एका दिवसाच्या रोजाएवढें होतें. नऊ हातांत असतां एकासाठीं तिनें दिवा लावला व घर झाडलें. प्रभु तिला हंसला नाहीं; उलट तिच्या शोधांत त्यानें देवाच्या अंतःकरणाचें चित्र दाखविलें. ह्यावरून लहान वस्तूस जपणें हें पाप नव्हे हें उघड आहे. परंतु नाणें सांपडल्यावर तिनें काय केलें? तिनें पेटीस कुलूप घातलें असें लिहिलेलें नाहीं. तिनें शेजारणींस बोलाविलें. सांपडलेल्या नाण्यापासून शेजार आनंदित झाला. जो खुर्दा आपण कोणास दाखवीतही नाहीं, त्यापासून कोणास आनंद होतो?

मार्काच्या शुभवर्तमानांतील विधवेनें भांडारांत दोन टोल्या टाकल्या. त्याहून हलकें नाणें त्या देशांत नव्हतें. तशीं तांब्याचीं बारीक नाणीं, विशेषतः ख्रिस्तापूर्वीं १०३ ते ७६ ह्या वर्षांत राज्य करणाऱ्या अलेक्झांडर यन्नय राजाचीं, पालेस्ताइनांत इतकीं सांपडलीं आहेत कीं, आजही संग्राहकांस तीं थोड्या किंमतींत मिळतात. तिनें त्या दोन टोल्या गांठींत ठेविल्या असत्या, तर त्याही त्या हजारोंत मिसळून गेल्या असत्या, आणि त्यांची गोष्ट कोणी सांगितली नसती. त्या सोडल्या, म्हणूनच त्या राहिल्या.

प्रिय उपदेशक बंधूंनो, हें वचन मंडळीपुढें मांडतांना नाण्यांपाशींच थांबूं नका. आपल्यापैकीं पुष्कळांनीं, किंवा आपल्या वडिलांनीं, ख्रिस्तासाठीं मोठमोठ्या वस्तु सोडल्या. कोणाची भाऊबंदकी तुटली, कोणाचा वतनाचा हक्क गेला. त्यांनीं डोंगर सोडला. पण खडा मात्र मुठींत राहिला आहे कीं काय, हें आपण पाहावें. दहा वर्षांपूर्वीं लग्नाच्या पंगतींत आपणांस मागें बसविलें. सभेंत आपलें नांव घ्यावयाचें राहिलें. भावानें नेलेली पाभर मोडून परत दिली. बांधाचा मोठा तंटा कोर्टांत मिटतो, कारण तेथें भरपाई ठरते. ह्या लहान दुखण्यांची भरपाई कोणतें कोर्ट ठरवील? त्यांस किंमत नाहीं, म्हणून तीं विकलीं जात नाहींत. आणि ‘एवढीशी तर गोष्ट’ असें म्हणून आपण तीं जन्मभर जपून ठेवतों. तीं फक्त क्षमेनें सोडतां येतात, म्हणजे मोबदल्यावांचून. जो भाऊ पुढें होऊन क्षमा मागेल त्यासच क्षमा करीन, असें म्हणणारा मनुष्य अजून गिऱ्हाईकाची वाट पाहत बसला आहे.

नाण्यांविषयीं आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जातीचें एकेक चांगलें नाणें ठेवा. जें आईबापांच्या आठवणीचें असेल तें वेगळ्या कागदांत बांधून त्यावर त्यांचें नांव व हकीकत लिहा. बाकीचीं पोरांस वांटून टाका. आजा ज्या सालीं जन्मला त्या सालाचा पैसा नातवाच्या तळहातावर ठेवा, आणि त्यास आणे-पैचा हिशेब शिकवा. पन्नास पैसे व त्यावरचीं चालू नाणीं आजही कायदेशीर चलन आहेत; तीं कोंडून न ठेवतां व्यवहारांत आणा. ज्या नाण्याची हकीकत कोणास सांगितलेली नाहीं, तें धन्याच्या मागें मुलें मोडीच्या तागडींत घालतात, हें लक्षांत असूं द्या.

आणि ज्या सायंकाळीं तो डबा उघडाल, त्याच सायंकाळीं मनाचाही एक डबा उघडा. त्यांत ज्या भावाचें नांव सांपडेल त्याच्या घरीं रविवारच्या आधीं जा. आपण त्याच्यासाठीं किती सोडलें तें त्यास सांगूं नका; नुसतें जाऊन बसा, आणि त्याच्या घरचें पाणी प्या. ज्यानें आपणांस कांहींएक किंमत न घेतां सोडविलें, तो प्रभु आपल्या मुठी मोकळ्या करो. आमेन.